नाणेफेकीनंतरची ऐंशी पावलं

कॅप्टन झाल्यावर मला सगळ्यात आधी काय मिळालं असेल, तर एकट्याची खोली. दौऱ्यावर बाकीचे खेळाडू दोघं-दोघं एका खोलीत राहायचे. आठ वर्षं माझा जोडीदार होता आमचा विकेटकीपर. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण स्टंपांमागून त्याचं तोंड दिवसभर चालू असायचं. झोपेतही असायचं. आठ वर्षं मी त्याला शिव्या घालत झोपलो. मग निवड समितीनं माझं नाव जाहीर केलं, मॅनेजरनं माझ्या हातात वेगळी किल्ली ठेवली, आणि त्या नव्या खोलीतल्या शांततेत मला चार दिवस धड झोप लागली नाही.

नाश्त्याला गेलो तर टेबलावरचं हसणं मी पोचल्याबरोबर थांबलं. कालपर्यंत त्या हसण्यात मीही होतो. "काय झालं रे?" मी भोंग्याला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही, कॅप्टन." आठ वर्षं ज्यानं मला 'लंबू'शिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नाही, तो हा माणूस! मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. नऊ वर्षं कॅप्टन होतो, निवळलं नाही.

हा किस्सा आमच्या लेखिकेला फार आवडला. लेखिका म्हणजे माझं आत्मचरित्र लिहिणारी. आत्मचरित्र माझं, आयुष्य माझं, पण लिहिणार ती, कारण मला दोन ओळींपलीकडे लिहिता येत नाही आणि त्या दोन ओळींतही सही येते. वयानं माझ्या मुलीएवढी आहे. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर काम करते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला येते, टेबलावर रेकॉर्डर ठेवते आणि विचारते, "मग काय झालं?" मी तोंड वाकडं करून म्हणतो, "किती ते प्रश्न!" खरं सांगायचं तर दोन वाजल्यापासून मी खिडकीशी घुटमळत असतो.

कारण बाकीच्या दिवशी मला कुणी काही विचारत नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या देशात असते, रविवारी फोन करते, "बाबा, औषधं घेताय ना?" म्हणते आणि माझं उत्तर येईपर्यंत तिच्या घरात कुणीतरी तिला हाक मारतं. दूरदर्शनवर समालोचन करायचो, तेही तीन वर्षांपूर्वी बंद झालं. नव्या आवाजांना संधी द्यायची आहे म्हणे. द्या बापडे. घरात जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत, त्यातली फ्रिजजवळची एक मी वापरतो. सकाळी स्वयंपाकाच्या बाई येतात आणि विचारतात, "भाजी कुठली करू?" एकेकाळी माझ्या एका निर्णयावर अख्खा देश आठवडाभर भांडायचा. आता दिवसाकाठी एवढाच निर्णय माझ्या वाट्याला येतो आणि त्यातही बहुतेकदा बाईंचंच चालतं.

तर त्या मंगळवारी आम्ही चौदाव्या प्रकरणाला हात घातला. चौदावं प्रकरण म्हणजे तो सामना. क्रिकेट बघणाऱ्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला नुसतं "तो सामना" म्हटलं तरी पुरतं. मालिका बरोबरीत, शेवटची कसोटी, आपलं मैदान. आणि आपण जेवणाच्या सुट्टीआधी त्रेसष्टात गारद. तिसऱ्या दिवशी सामना हरलो, मालिका गेली.

"यात नवीन काय विचारू?" लेखिका म्हणाली. "सगळ्यांना माहीतच आहे. तुम्ही नाणेफेक जिंकलीत, खेळपट्टी वरून कोरडी होती म्हणून बॅटिंग घेतलीत, आणि आत ओल निघाली. आदल्या संध्याकाळी कुणीतरी पाणी सोडून ठेवलं होतं."

"हं," मी म्हणालो.

सगळ्यांना माहीत आहे ते हे. तिच्यापुढे मी बोललो नाही, पण खरं काय झालं ते आता तुम्हाला सांगतो. एकोणतीस वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमची बैठक आदल्या संध्याकाळी झाली होती. खेळपट्टीवर गवत होतं, आभाळ भरून आलं होतं. नाणेफेक जिंकली तर बोलिंग घ्यायची, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. सकाळी मी नाणं उडवलं. समोरच्या कॅप्टननं छापा मागितला, काटा पडला. माईकवाल्यानं विचारलं, "काय घेणार?" आणि माझ्या तोंडून निघालं, "बॅटिंग." का? तर त्याआधी मी सतरा नाणेफेकी जिंकल्या होत्या आणि सतराही वेळा तेच म्हटलं होतं. घराबाहेर पडताना आपला हात आपोआप दिव्याच्या बटणावर जातो ना, तसं. जीभ सवयीनं पुढे गेली, डोकं मागून आलं. आलं तोवर समोरचा कॅप्टन माझा हात हलवत होता आणि त्याचं हसू त्याच्या तोंडात मावत नव्हतं. एकदा सांगितलेला निर्णय बदलता येत नाही. नियमच आहे तसा.

खेळपट्टीपासून आमच्या पायरीपर्यंत ऐंशी पावलं. नंतर मुद्दाम मोजली मी. त्या ऐंशी पावलांत ठरवायचं होतं. आत जाऊन सरळ म्हणता आलं असतं, "पोरांनो, जीभ घसरली. मी गाढव आहे. बांधा पॅड." भोंग्यानं वर्षभर माझी टर उडवली असती, आणि तेवढ्यावर मिटलं असतं. पण तसं म्हणायला समोर कुणीतरी आपलं माणूस लागतं. माझ्यासमोर चौदा जण उभे होते आणि सगळे कॅप्टनकडे बघत होते. फास्ट बोलर बूट बांधून तयार होता. भोंग्याच्या हातात ग्लव्हज होते. मी म्हणालो, "पट्टी जवळून पाहिली. कोरडी आहे. विचार बदलला."

जोडीदार असताना भोंग्यानं मला वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी तो "बरं, कॅप्टन" म्हणाला आणि ग्लव्हज काढायला लागला.

हरल्यावर पत्रकारांनी घेरलं. एक खोटं झाकायला दुसरं लागलं, आणि ते माझ्याकडे तयारच होतं असं म्हणायला हवं, इतक्या सहज निघालं. "पट्टी वरून कोरडी दिसत होती. आत ओल होती. आम्ही बघून गेल्यावर कुणीतरी पाणी सोडलेलं दिसतंय." कुणी उलट प्रश्न विचारला नाही. मैदानाच्या समितीनं चौकशी केली. महिन्याभरानं आतल्या पानावर चार ओळी आल्या की मैदानावरच्या एका कामगाराला काढून टाकलं. मी त्या चार ओळी वाचल्या आणि पान उलटलं.

बायकोनं एकदाच विचारलं होतं. "तुम्ही तर फोनवर म्हणाला होतात, बोलिंग घेणार?" मी म्हटलं, "खेळपट्टी बदलली." ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मला कळायचं. तिला सांगायला हवं होतं, हे मला ती गेल्यावर सुचलं.

आणि एक सांगायचंच राहिलं. पुढच्या मोसमात त्याच मैदानावर गेलो, तेव्हा तिथले मुख्य माळी, ज्यांना सगळे माळीबुवा म्हणायचे, रोलर सोडून माझ्याकडे आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "साहेब, आमच्या माणसाकडून चूक झाली. आमच्यामुळे तुम्हाला मान खाली घालावी लागली. माफ करा." मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालो, "जाऊ द्या हो. होतं असं."

मी त्यांना माफ केलं! आज हे सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

तर त्या मंगळवारी मी नुसतं "हं" म्हटल्यावर लेखिकेनं पिशवीतून जुन्या छायाचित्राची प्रत काढली. नाणेफेकीचा फोटो. पुढे आम्ही दोघं कॅप्टन, मागे दोरीपाशी माळीबुवा, आणि त्यांच्या शेजारी पाण्याचा पाइप खांद्यावर घेतलेला एक चाळिशीतला माणूस. "हा बघा, ज्याला काढलं तो," ती म्हणाली. "मला परवाच कळलं. हे दोघं सख्खे भाऊ. तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं.

"समितीला धाकट्याचं नाव मोठ्यानंच दिलं. मी माळीबुवांशी फोनवर बोलले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आवाज अजून खणखणीत. तुमच्याबद्दल काय म्हणाले सांगू? प्रकरणाच्या शेवटी टाकणार आहे मी." तिनं वही उघडून वाचलं, "'कॅप्टनसाहेबांसारखा माणूस होणे नाही. आमची एवढी मोठी चूक त्यांनी पोटात घातली.'"

ती माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी म्हणालो, "माझं डोकं दुखतंय. आज इथेच थांबू." ती गोळी देऊ का, डॉक्टरांना बोलावू का, असं दोनदा विचारून गेली. तिनं कपबशी धुऊन ठेवली होती. माझ्या घरात दुसऱ्या कुणी धुतलेली कपबशी दिसली की एरवी मला बरं वाटतं.

बुधवार मी कसाबसा काढला. मला काय हवं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. मला माफी हवी होती. माळीबुवांनी मला चार शिव्या द्याव्यात, हवं तर हात उचलावा, आणि मग म्हणावं, झालं गेलं. त्यांच्या मार्फत धाकट्या भावाला गाठायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं, पुस्तकात सगळं छापायचं. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला पाठीवरचं ओझं उतरवावंसं वाटतं. ते उतरवून ठेवायचं कुठे, हा विचार मात्र मी केला नाही.

गुरुवारी सकाळी निघालो. मैदानाच्या मागच्या गल्लीत कामगारांची बैठी घरं आहेत. माळीबुवांचं घर लगेच ओळखू आलं. दारापुढे हातभर रुंदीची हिरवळ होती. घरापुढची अशी हिरवळ मी कुठे पाहिली नव्हती. कात्रीनं कापल्यासारखी सपाट, एक तण नाही. आणि माळीबुवा ती खरंच कात्रीनं कापत होते. पाटावर बसून, डोळे जवळ नेऊन, एकेक पातं.

"माळीबुवा," मी हाक मारली.

त्यांनी वर पाहिलं आणि हातातली कात्री टाकून उठायला लागले. "साहेब? तुम्ही? अहो, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो!" त्यांनी आत आवाज दिला, "सूनबाई, कोण आलंय बघा! चहा टाका!" सूनबाई दारात आल्या, पदराला हात पुसत हसल्या आणि आत गेल्या. मला पुढच्या खोलीतली एकुलती एक हातांची खुर्ची मिळाली. ते स्वतः खाटेवर बसले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस माझ्यासमोर पाठ ताठ करून बसला होता.

मी प्रस्तावना केली नाही. केली असती तर गावभर फिरून आलो असतो आणि मुद्द्यावर पोचलोच नसतो. "माळीबुवा, त्या सामन्यात खेळपट्टीत ओल नव्हती. कुणी पाणी सोडलं नव्हतं. मला बोलिंग घ्यायची होती, तोंडून बॅटिंग निघालं. हरल्यावर ते लपवायला मी पाण्याचं खोटं सांगितलं. तुमच्या भावाची काही चूक नव्हती."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा बोलायला गेलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"आत ओल नव्हती?"

"नव्हती."

"त्या सकाळी मी पट्टीत किल्ली खुपसून पाहिली होती," ते म्हणाले. "रोजच पाहायचो. ओल असली की किल्लीला माती चिकटून येते. त्या दिवशी किल्ली स्वच्छ निघाली होती. पण तुम्ही बोललात, पेपरात आलं. मग मला वाटलं, मीच नीट खुपसली नसेल. चुकीच्या जागी खुपसली असेल."

"तुमची खेळपट्टी उत्तम होती. मीच..."

"पाण्याचा नळ धाकट्याकडे असायचा." ते माझ्याशी बोलत नव्हते. "मी त्याला विचारलं, बंद केला होतास का? म्हणाला, केला होता. पुन्हा विचारलं. आईची शपथ घेतली त्यानं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. चाळीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि मी सगळ्यांसमोर हात उचलला. म्हटलं, कॅप्टन काय खोटं बोलतोय? समितीनं नाव विचारलं. मी दिलं."

"आता कुठे असतात ते?" मी विचारलं. "मी जाऊन भेटतो त्यांना. आजच जातो."

"दुसरीकडे गेला. रोपवाटिकेत लागला. मी कधी गेलो नाही, त्यालाही ये म्हटलं नाही. एकदा बायकोला घेऊन आला होता, मी दाराआड बसून राहिलो. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. 'भावोजी, हे फार आजारी आहेत, तुमची आठवण काढतात, एकदा येऊन जा.' मी म्हटलं, आधी त्याला कबूल करायला सांगा. ती विचारून आली. म्हणाली, 'ते म्हणतात, नळ मी बंद केला होता.'" त्यांनी हातांनी गुडघे दाबून धरले. "मी फोन ठेवून दिला. मनात म्हटलं, मरायला टेकला तरी खोटंच बोलतोय. आठ दिवसांनी गेला. मी गेलो नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी काय काय बोललो ते मला धड आठवत नाही. पुस्तकात छापतो म्हणालो. पेपरला देतो म्हणालो. त्यांच्या भावाच्या बायकोला जाऊन भेटतो, पाय धरतो म्हणालो. मला माफ करा, असंही म्हणालो. ते शेवटी म्हणालो आणि फार हळू म्हणालो.

"तिला सांगा," माळीबुवा म्हणाले. "तिला सांगाच. तिच्या पोरांना सांगा. पण साहेब, मला कशाला सांगितलंत?"

मी खुर्ची पुढे सरकवली.

"एकोणतीस वर्षं ती त्याची चूक होती. मी त्याच्यावर रागवून तरी होतो. रोज रागवायचो. आता कुणावर रागवू?"

"माझ्यावर रागवा ना," मी म्हणालो. मला खरंच ते हवं होतं. "माझ्यावरच रागवायला हवं."

"तुमच्यावर काय रागवायचं? तुम्ही परके." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. वाटसरूला रस्ता सांगावा तितक्या सरळपणे म्हटलं. "भाऊ माझा होता. त्यानं आईची शपथ घेतली आणि मी तुमचं खरं मानलं. ते तुम्ही नाही केलंत, ते मी केलं."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मग वाटलं, आता या घरात आपलं काही काम नाही. शिव्या मिळाल्या नाहीत, माफीही मिळाली नाही. आणि जे मी इतकी वर्षं वागवलं, ते मी या म्हाताऱ्याच्या खाटेवर ठेवून चाललो होतो. मी खुर्चीचे हात धरून उठलो.

"कुठे निघालात?" माळीबुवा म्हणाले.

"येतो आता. तुम्हाला एकट्याला..."

"बसा." मैदानावर रोलरवाल्यांना सांगायचे त्याच आवाजात म्हणाले. मग आवाज उतरला. "घरात सगळ्यांना तो लबाड म्हणून माहीत आहे. मीच सांगितलंय तसं. माझ्या पोराला सांगितलं, नातवंडांना सांगितलं. आता मी कुणाजवळ बोलू? सांगीन त्यांना, पण आज नाही जमायचं. खरं काय ते या घरात तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. जाऊ नका."

मी बसलो. मधे एकदा त्यांनी भावाचं लाडाचं नाव घेतलं, हाक मारावी तसं, आणि पुन्हा गप्प झाले. त्यांचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

सूनबाई चहा घेऊन आल्या. आम्हा दोघांना असं समोरासमोर बसलेलं बघून त्यांना बरं वाटलं असावं. "जुन्या मॅचच्या गप्पा रंगल्यात वाटतं?" त्यांनी माझ्या हातात कप दिला. "बरं झालं आलात साहेब. बाबांना बोलायला कुणी मिळत नाही हो. दिवसभर त्या गवताशी बोलत बसतात."

"उद्यापण येणार आहेत ते," माळीबुवा माझ्याकडे न बघता म्हणाले. "रोज येतील."

सूनबाईंनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "हो ना?"

मी हो म्हणालो.